पिल्लाच्या बंद झालेल्या गुदद्वारावर केलेला उपाय
कोंबडीचे एक पिल्लू पंख पाडून कोपऱ्यात उभे होते आणि त्याचे गुदद्वार वाळलेल्या विष्ठेच्या कडक गोळ्याने पूर्ण बंद झाले होते. असा गोळा कोरडाच ओढला, तर पिसांबरोबर नाजूक कातडीही सोलून निघते. म्हणून कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर धरून तो मऊ होऊ दिला, हलकेच पुसून काढला आणि पिल्लू लगेच कोरडे करून उबेत ठेवले. पोटावरील नाभीची खपली मात्र मुळीच ओढू नये. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. इथे पिल्ले उबेसाठी लावलेल्या दिव्यापासून दूर सरून, चोच उघडी टाकून धापा टाकत होती, म्हणजे ऊब जास्त होत होती, म्हणून दिवा वर घेतला. विष्ठेत रक्त दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकांनाच दाखवावे.