हजेरीवर डिजिटल बॅज वाटू नका
पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘उत्तम संवादकौशल्य’ असा मोघम डिजिटल बॅज (कौशल्याचे ऑनलाइन प्रमाणपत्र) दिलात, तर मुलाखतीत त्या बॅजला कोणी विचारत नाही. ‘विषयाबाहेरच्या श्रोत्यांना 3 मिनिटांत आपले संशोधन समजावले’ असा नेमका निकष लिहा, दोन परीक्षकांकडून स्वतंत्र गुणतक्ते भरून घ्या आणि भाषणाचा व्हिडिओ पुरावा म्हणून जोडा. पुराव्याची लिंक मात्र बाहेरच्यालाही उघडली पाहिजे. ड्राइव्हची परवानगी द्यायची इथे हमखास राहते. कार्यशाळेला नुसते बसल्याबद्दल बॅज वाटले की त्यांची पत गेलीच. मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीत एकदा बॅज दिला गेला की निकष बदलता येत नाहीत, म्हणून मजकूर आधीच सहकाऱ्यांकडून तपासून घ्या. बॅज बहुधा ईमेलशी बांधलेला असतो. कॉलेजचा पत्ता पदवीनंतर बंद होणार असेल, तर विद्यार्थ्याचा वैयक्तिक ईमेल आधीच नोंदवा.