सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये औषध किती विरघळतं, ते कसं मोजायचं

कार्बन डायऑक्साइड ३१.१ डिग्री सेल्सिअस आणि ७३.८ बारच्या वर गेला की सुपरक्रिटिकल होतो, म्हणजे धड गॅसही नाही आणि धड द्रवही नाही. मोजायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे बंद सेलमध्ये औषध आणि सीओटू एकत्र ठेवायचे, ठराविक व्हॉल्यूमच्या लूपमध्ये, म्हणजे वेटोळ्या नळीत, सॅम्पल पकडायचं आणि यूव्हीवर, म्हणजे औषध किती अल्ट्राव्हायोलेट प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या मशीनवर, वाचायचं. मशीनवर आकडा कसाही येतोच, तो खरा आहे का हे बघण्यातच सगळी मेहनत जाते.

औषधाची पावडर काचेच्या बारीक मण्यांत मिसळून सेलमध्ये भरा, नाहीतर गठ्ठा होतो आणि सीओटू बाजूने निघून जातो. दोन्ही टोकांना बारीक छिद्रांचा सिंटर्ड फिल्टर हवाच. एक न विरघळलेला कण जरी लूपमध्ये शिरला तरी रीडिंग गेलं. पंपाचं हेड चिलरने थंड ठेवा, कारण आत गॅस झाला की पंप नीट ओढतच नाही.

सेल आणि लूप एकाच ओव्हनमध्ये ठेवा, टेंपरेचर अर्ध्या डिग्रीच्याही आत स्थिर पाहिजे. एवढा हट्ट का, तर १०० बारला सीओटूची डेन्सिटी ३५ डिग्रीला लिटरमागे साधारण ७१० ग्रॅम असते आणि ४५ ला जेमतेम ५००, आणि विरघळणं सगळं डेन्सिटीवर चालतं.

आता थांबा. प्रेशर दिल्यावर सेल तासभर तसाच ठेवतात सगळे, पण तुमच्या औषधाला तासभर पुरतो का हे तुम्हीच बघायचं, म्हणजे ३०, ६०, ९० मिनिटांना सॅम्पल घ्या आणि आकडा वाढायचा थांबला की ती वेळ धरा.

मग व्हॉल्व्ह फिरवून लूपमधला माल निडल व्हॉल्व्हमधून हळूहळू मिथेनॉलमध्ये सोडा, बुडबुडे मोजता येतील इतक्या हळू. प्रेशर उतरताच औषध तिथेच नळीच्या भिंतीला पांढरं चिकटतं, म्हणून लूप आणि नळी मिथेनॉलने धुवून ते धुतलेलं मिथेनॉल त्याच फ्लास्कमध्ये घ्या. मी सुरुवातीला हे धुणं उरकून टाकायचो, तर एक रीडिंग कमी आणि पुढचं जास्त असं दोन आठवडे चाललं, मी उगाच पंपावर संशय घेत होतो. धुतल्यावर लाइन पूर्ण सुकवा, कारण उरलेलं मिथेनॉल पुढच्या वेळी को-सॉल्व्हंटचं, म्हणजे विरघळवायला मदत करणाऱ्या दुसऱ्या द्रावकाचं काम करतं आणि विद्राव्यता फुगते.

हिशोब असा: लूप ६०० मायक्रोलिटर, ४० डिग्री, २०० बार, डेन्सिटी ८४० ग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे लूपमध्ये ०.५०४ ग्रॅम सीओटू, ०.०११४५ मोल. फ्लास्क ५ मिलीचा, यूव्हीवर २० मायक्रोग्रॅम प्रतिमिली आलं तर एकूण १०० मायक्रोग्रॅम औषध. मॉलिक्युलर वेट ३०० धरलं तर मोल फ्रॅक्शन साधारण ०.००००२९, म्हणजे लाखात जेमतेम तीन रेणू. प्रत्येक पॉइंट निदान तीनदा घ्या.

औषधाच्या आधी सेटअप नॅफ्थलीनवर तपासा, डांबरगोळीतलंच ते, त्याचे आकडे भरपूर छापलेले आहेत, तुमचे जुळले तरच पुढे जा. शेवटी डेटा १९८२ च्या क्रॅस्टिल समीकरणात बसवा, लॉग विद्राव्यता विरुद्ध लॉग डेन्सिटी, प्रत्येक टेंपरेचरला सरळ रेषा यायला हवी. एखादा पॉइंट बाहेर पडला तर तो खोडू नका, पुन्हा मोजा.

खोलीत हवा खेळती ठेवा, गळलेला सीओटू खाली साचतो आणि श्वास कोंडतो. सेल उघडण्याआधी प्रेशर पूर्ण आणि सावकाश उतरवा, घाई केली तर ओ-रिंग फुगून फाटते. उघडल्यावर आत घन औषध उरलंय ना ते डोळ्यांनी बघा. सेल रिकामा निघाला तर द्रावण संपृक्त झालंच नव्हतं, म्हणजे अजून औषध विरघळू शकलं असतं, जास्त औषध भरून तो पॉइंट परत घ्या.