हळद पूडचा प्रोजेक्ट रिपोर्ट: मशीनच्या आधी मालाचे पैसे मोजा

सांगलीत बसून बँकेच्या कर्जासाठी लोकांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणं हा माझा रोजचा धंदा. हळद पूडचं युनिट टाकायचं म्हणून येणारा जो तो आधी मशीनचं कोटेशन टेबलावर ठेवतो. ते ठेवा बाजूला. जीएसटीसकट आकडा, थ्री फेज कनेक्शनचा खर्च आणि शेडचं भाडं एवढं लिहिलं की मशीनचा विषय संपला.

खरा हिशोब मालाचा. नवी हळद मार्केट यार्डात येते ती साधारण फेब्रुवारी ते मे. वर्षभर दळायचं तर माल तेव्हाच भरून ठेवावा लागतो. समजा वर्षाला 240 क्विंटल हळद लागणार आणि भाव क्विंटलला 15,000 धरला, तर माल झाला 36 लाखांचा. त्यातला निम्मा सीझनमध्ये उचलायचा म्हटलं तरी 18 लाख रोख हवेत. आता विक्री बघा. 5 टक्के घट जाऊन 228 क्विंटल पूड, होलसेल 210 रुपये किलोनं साधारण 48 लाख. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल देताना बँका बहुतेक उलाढालीच्या 20 टक्के धरतात, म्हणजे 9.60 लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट. उलाढालीच्या आणखी 5 टक्के, म्हणजे 2.40 लाख, तुमचे. झाले 12. वरचे 6 लाख कुठून येणार हे रिपोर्टात लिहिलेलं नसेल तर मॅनेजर नेमकं तेच विचारतो. उत्तरं दोनच: कमी माल भरा, नाहीतर वखारीत ठेवलेल्या मालाच्या पावतीवर वेगळं कर्ज दाखवा.

सबसिडी स्वतःचं भांडवल म्हणून दाखवू नका. पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख मिळतात खरे, पण कर्ज उचलल्यानंतर. आपले किमान 10 टक्के आधी घालावेच लागतात.

बाजारपेठेच्या पानावर ‘मागणी भरपूर आहे’ हे वाक्य दिसलं की मी खोडतो. मिरजेतले किराणा होलसेलवाले, इचलकरंजीतला मसालेवाला, ओळखीच्या खानावळी, जे असतील त्यांची नावं आणि महिन्याला किती किलो घेणार ते लिहा. पाचजणांकडून साध्या कागदावर लिहून आणलंत तर फारच उत्तम. भाव सुट्या पुडीचा आणि पाकिटाचा वेगळा दाखवा.

परतफेडीला एकच तपासणी पुरते. नफा, घसारा आणि टर्म लोनचं (मशीनसाठीच्या मुदत कर्जाचं) व्याज यांची बेरीज करा, तिला वर्षाचा हप्ता अधिक व्याजानं भागा. सरासरी दीडच्या आसपास आली तर बँक पुढं बोलते. त्यासाठी पहिल्याच वर्षी मशीन शंभर टक्के चालवून दाखवणारे असतात; वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. साठपासून चढत जा.

जोखमीचं पान सांगलीत रिकामं सोडता येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी 45 फूट, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. हरिपूरच्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, 2005 च्या पुराचं पाणी शिरलं ते इथं कुणाला सांगायला नको. तुमच्या गोडाऊनपर्यंत या पुरांत पाणी आलं होतं का, ते शेजाऱ्यांना विचारून लिहा, आणि विम्याचा हप्ता खर्चात धरा. पॉलिसीत पूर आणि आतला माल दोन्ही आहेत ना, तेवढं बघून घ्या.

सारांशाचं पान सगळ्यात शेवटी लिहा आणि सगळ्यात वर लावा. कागदांत एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची) आणि उद्यम (छोट्या उद्योगांची) नोंदणी जोडा. उद्यमला सरकारी फी नाही; पोर्टलची फी म्हणून कोणी पैसे मागितले तर सरळ उठून या.