एंटर मारलं की मागं जातंय

इंजिनिअरिंग संपवून बेळगावातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. पहिलंच काम एका को-ऑपरेटिव्ह सोसायटीचं होतं: खातं उघडण्याचा चार पानांचा विझार्ड, म्हणजे एकेक पान भरत पुढं जायचा फॉर्म. नाव-पत्ता, वारसदार, पिग्मीची रोजची रक्कम आणि शेवटी तपासणी. प्रत्येक पानाखाली डावीकडे 'मागे', उजवीकडे 'पुढे'. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत चाललं, कारण मी माउसनंच क्लिक करत होतो.

खानापूरच्या शाखेत पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या आक्का म्हणाल्या, "बाळा, एंटर मारलं की मागं जातंय बघ की." मला वाटलं, चुकून भलतं बटण दाबलं जात असेल. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. जुन्या विंडोज प्रोग्रामवर वर्षानुवर्षं काम केलेल्या आक्का माउसला हातच लावत नव्हत्या. रक्कम टाकली, एंटर मारला, आणि वारसदाराचं पान परत समोर. रक्कम पुसली गेली. काउंटरपलीकडे खातेदार ताटकळत उभा. मला फार वाईट वाटलं.

चूक आक्कांची नव्हती, माझी होती. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेत, मजकुराच्या चौकटीत एंटर मारला की फॉर्ममधलं, कोडच्या क्रमानं पहिलं असलेलं सबमिट बटण (फॉर्म पाठवणारं) चालतं. आणि बटणाला टाइप, म्हणजे प्रकार, दिला नाही, तर फॉर्ममध्ये ते सबमिटच धरलं जातं. माझं 'मागे' डावीकडे, म्हणून कोडमध्येही आधी. त्याला साध्या बटणाचा टाइप दिला आणि प्रश्न मिटला. कोडमध्ये क्रम उलटा ठेवून सीएसएसनं (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडनं) नुसती जागा बदलणं मात्र टाळा. डोळ्याला एक क्रम दिसतो, टॅबची की दुसऱ्याच क्रमानं फिरवते.

मुख्य बटण डावीकडे की उजवीकडे, यावर नवीन मुलं तासन् तास वाद घालतात. विंडोजवर 'ओके' आधी, 'कॅन्सल' नंतर. मॅकवर मुख्य बटण सगळ्यात उजवीकडे, 'कॅन्सल' त्याच्या डावीकडे. अँड्रॉइडनं तर २०११ साली ४.० आवृत्तीत बाजूच बदलली. होकाराचं बटण डावीकडून उजवीकडे गेलं. डेस्कटॉपवर ज्याची सिस्टिम त्याची रीत पाळा. डेस्कटॉप प्रोग्राम लिहायच्या क्यूटी या साधनातला डायलॉग बटण बॉक्स वापरलात तर बटणाची फक्त भूमिका सांगायची, क्रम तोच लावतो. वेबवर एक क्रम ठरवा आणि तो सगळीकडे ठेवा. आमच्याकडे तिघांनी तीन स्क्रीन लिहिले होते. पिग्मी पावतीत 'जतन करा' उजवीकडे, कर्जाच्या अर्जात डावीकडे. दिवसभर दोन्हींवर काम करणाऱ्या माणसाला हा खरा त्रास आहे.

आपल्या भागात हे अधिकच जपावं लागतं, कारण तोच विझार्ड कन्नडमध्येही चालतो. कन्नडमध्ये मागे म्हणजे 'हिंदे', पुढे म्हणजे 'मुंदे'. अनुस्वार तोच, शेवटचं अक्षर तेच. घाईत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. हात मग जागेवरच भरवसा ठेवतो. आणि आमची बटणं तर शब्दाच्या लांबीनुसार कमी-जास्त रुंद होत होती, पहिल्या पानावर 'मागे' नसल्यामुळे 'पुढे' त्याच्या जागी सरकत होतं. रुंदी कायम केली, पहिल्या पानावर 'मागे'ची जागा रिकामी ठेवली, शेवटच्या पानावर 'पुढे'ऐवजी 'खातं उघडा' लिहिलं.

'रद्द करा'बद्दलही सांगतो. "अर्ज रद्द करायचा आहे का?" या प्रश्नाखाली आम्ही 'ठीक आहे' आणि 'रद्द करा' ठेवलं होतं. एका पिग्मी एजंट काकांनी विचारलं, "रद्द केलं तर अर्ज रद्द होतोय, का हा प्रश्न?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तिथं 'अर्ज काढून टाका' आणि 'भरत राहतो' अशी बटणं आहेत.

काम देण्याआधी मी आता माउस काढून ठेवतो आणि दोन्ही भाषांत पूर्ण फॉर्म कीबोर्डवर भरतो. मग कन्नड वाचता न येणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला कन्नड स्क्रीनसमोर बसवतो आणि म्हणतो, चारही पानं पार करून दाखव. तो कुठं अडखळला, तेवढं लिहून घेतो.