विदर्भाच्या उन्हात तग धरणारे नेचे

वर्धा किंवा यवतमाळकडच्या एखाद्या जुन्या दगडी विहिरीत डोकावून बघा. सांध्यासांध्यांतून हंसराज नावाचा नेचा, म्हणजे फर्न, लोंबत असतो. वर लू चालते, पारा पंचेचाळिशी गाठतो, आणि आत तो हिरवागार राहतो. सावली, ओलसर हवा, वाऱ्याचा आडोसा आणि मुळाशी न साचणारं पाणी, एवढं त्याला तिथं मिळतं. परसात नेचे लावायचे तर हेच चार मुद्दे जुळवायचे. आपल्याकडे नेचे तहानेनं मरतात त्यापेक्षा जास्त गरम वाऱ्यानं, खाऱ्या पाण्यानं आणि काळ्या मातीतल्या चिखलानं मरतात.

सुरुवात तीन जातींनी करा. पहिली नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया. नर्सरीत हिला नुसतं 'फर्न' म्हणतात, म्हणून कुंडी घेताना माती थोडी उकरून बघा. मुळांना बोराएवढ्या, लव असलेल्या गाठी दिसल्या तर हीच ती. या गाठींत पाणी साठतं, म्हणून वरची पानं करपली तरी झाड पुन्हा फुटतं. टांगत्या कुंडीतल्या बोस्टन फर्नला अशा गाठी नसतात आणि तो जास्त नाजूक असतो. दुसरी टेरिस व्हिटाटा. विटांच्या भिंतीत, चुन्याच्या सांध्यात ही आपोआप उगवते, चुनखडीची जमीन सोसते आणि सकाळचं ऊनही चालवून घेते. तिसरा हंसराज. याच्या काही जाती उन्हाळ्यात जमिनीवरून पार नाहीशा होतात आणि पावसात पुन्हा उगवतात, म्हणून मे महिन्यात मेला समजून उपटू नका. मेळघाटातून मात्र रोपं आणू नका. अभयारण्यातून झाडं काढणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि जंगलातलं रोप परसात सहसा टिकतही नाही.

जागा घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेच्या भिंतीशी निवडा. आंब्याची, चिंचेची सावलीही चांगली. पश्चिमेचं ऊन तासभरही नको. न्हाणीचं पाणी जाणारी जागा ओलसर असते, पण साबण आणि सोड्यामुळे ती टाळाच.

काळ्या मातीत खड्डा करून नेचा लावू नका. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबून मुळं सडतात, उन्हाळ्यात जमीन भेगाळली की तुटतात. जमिनीच्या वर विटा रचून वीत-सव्वा वीत उंच वाफा करा. त्यात दोन घमेली लाल किंवा मुरमाड माती, दोन घमेली कुजलेला पालापाचोळा, एक घमेलं जुनं शेणखत आणि एक घमेलं विटांचे तुकडे किंवा जाड रेती हे प्रमाण ठेवा. शेणखत किमान सहा महिने कुजलेलं हवं, ताज्या शेणानं कोवळी मुळं जळतात.

लागवड जुलै-ऑगस्टात, पाऊस नीट बसल्यावर करा. मृगाच्या पहिल्या सरीवर घाई नको, मध्येच उघडीप पडली की रोप सुकतं. दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर ठेवा. जिथून नवी गुंडाळलेली पानं निघतात तो गड्डा मातीच्या पातळीवरच राहू द्या, पुरला तर कुजतो.

पाण्याची खरी पंचाईत खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णा खोऱ्यात बोअरचं पाणी वापरलं की पानांची टोकं तपकिरी होत जातात. तिथं पावसाचं पाणी टाकीत साठवून तेच नेच्यांना राखून ठेवा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कधीच घालू नका. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, म्हणून ते मूळ पाण्याहून खारट झालेलं असतं. हिवाळ्यात तीन-चार दिवसांआड पाणी पुरतं, पण आधी मातीत बोट घालून बघा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत एकदा, आणि सूर्य मावळल्यावर वाफ्याभोवतीची जमीन शिंपडा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी उकळतं असतं, ते बाजूला सोडून द्या.

मार्चच्या मध्यापासून पश्चिम आणि दक्षिण बाजूंना तुराट्यांचा कूड उभा करा आणि वर ७५ टक्के सावलीची हिरवी नेट बांधा. नुसती नेट पुरत नाही, कारण लू आडवी येते. वाफ्यावर दोन इंच वाळका पाला पसरा. कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकलं तर उधईवर (वाळवीवर) लक्ष ठेवा.

पावसाळा ते हिवाळा महिन्यातून एकदा खत द्या. एक किलो जुनं शेणखत दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि तेवढंच साधं पाणी मिसळून घाला. युरियाचा मोह नको.

पानाच्या पाठीमागे ओळीनं किंवा कडेनं तपकिरी ठिपके दिसले तर घाबरू नका, ते बीजाणूंचे पुंजके आहेत, नेच्याचं बीच म्हणा. ठिपके वेडेवाकडे असतील, देठावरही असतील आणि नखानं खरवडून निघत असतील, तर ती खवले कीड. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडानं ती पुसून काढा. निंबोळी तेलानं नेच्यांची पानं भाजू शकतात, म्हणून आधी एकाच पानावर, संध्याकाळी वापरून दोन दिवस वाट बघा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या मातीत हे नेहमीचं, वाफ्यात कुजलेला पाला वाढवा. सगळंच झाड पिवळं पडून गड्डा मऊ लागला तर पाणी जास्त झालंय. आणि तणनाशकाचा फवारणी पंप नेच्यांच्या आसपास धुऊ नका, वारा तिकडे असेल तेव्हा फवारूही नका.

दोन-तीन वर्षांत वाफा दाटला की जुलैमध्ये विळ्यानं गड्ड्याचे भाग करा. प्रत्येक भागाला मुळं आणि निदान तीन पानं हवीत. ते त्याच दिवशी लावा.