शाळेत घोंगडीचं विणकाम कसं शिकवावं

रंगीत कागदाच्या पट्ट्यांची चटई करून कार्यानुभवाच्या तासाला 'विणकाम' उरकता येतं. मुलांना एक वर, एक खाली एवढं कळतं. विणणारी माणसं मात्र कुठेच दिसत नाहीत. सहावी ते आठवीसाठी घोंगडी हा त्याहून कसदार विषय आहे. दख्खनी मेंढीची लोकर, धनगर बायांनी कातलेलं सूत, सनगर विणकरांचा खड्डामाग, सुताला कडकपणा देणारी चिंचोक्याची खळ हे सगळं महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात अजून सापडतं. आठ-दहा तास लागतील असं धरूनच सुरुवात करा, नाहीतर घोंगडं भिजत पडेल.

आधी माणूस शोधा, माग नंतर. एखाद्या सनगर विणकराला किंवा लोकर कातणाऱ्या आजींना शाळेत बोलवा. वर्गातल्याच कुणाची तरी आजी निघाली तर उत्तमच. शाल-श्रीफळावर बोळवण करू नका. त्यांची दिवसाची मजुरी बुडणार आहे, तेव्हा मानधन आधीच ठरवा. धनगरांच्या घरी घोंगडी नुसतं पांघरूण नसते, बिरोबाच्या आणि खंडोबाच्या पूजेत तिला मान असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्यासोबत लोकरही उधळतात. म्हणून कशावर पाय द्यायचा नाही, कशाचा फोटो काढायचा नाही, हे पाहुण्यांनाच विचारा आणि मुलांसमोर विचारा.

लोकर मेंढपाळाकडून थेट घ्या. कातरणी साधारण वर्षातून दोनदा होते, त्या सुमारास गाठ घातलेली बरी. कोमट पाण्यात बुडवून धुवा, पण चोळू नका. चोळली की गोळा होऊन बसते. सावलीत वाळवून काडीकचरा, कुसळं वेचायला मुलांना बसवा. मग बोटांनी पिंजून टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर, सूत काढा. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमच्या शाळांत टकळी होतीच, फक्त ती कापसासाठी. लोकरीला जरा जड चकतीची टकळी लागते. पहिलं सूत कुठे जाड, कुठे बारीक येणार, येऊ द्या.

आता खळ, आणि इथे घाई करू नका. चमचाभर चिंचोक्याचं पीठ पेलाभर पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवा, विस्तवापाशी मोठ्यांनीच उभं राहायचं. एकाच सुताचे दोन तुकडे घ्या. एकाला खळ लावून ताणून वाळवा, दुसरा तसाच ठेवा. मग दोन्हींवर कंगवा सारखाच घासायला सांगा. कोरं सूत लवकर पिंजारतं, खळीचं टिकतं. मागावर फणीचा मार खाणाऱ्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ का द्यावी लागते, हे मग समजावून सांगावं लागत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना हा तास जरूर दाखवा.

खड्डामागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबतो. शाळेत तो खणणं अवघड, म्हणून लाकडी चौकट घ्या, पुठ्ठा वाकतो. वरच्या-खालच्या पट्टीवर दर सेंटिमीटरला छोटा खिळा ठोका आणि जाड सुती दोऱ्याचा ताणा घट्ट भरा. छेडल्यावर दोरा वाजला पाहिजे. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, मुलांनी कातलेली लोकर वापरा. दोघांत एक माग पुरे: एकाने विणायचं, दुसऱ्याने कडा बघायच्या.

कडा बघायला खरंच माणूस लागतो. मुलं बाणा ओढून घेतात आणि विणलेली पट्टी मध्येच आवळते. उपाय सोपा आहे: प्रत्येक ओळीत सूत कमानीसारखं सैल टाका, मग कंगव्याने खाली ठोका. ठोकण्यात कुचराई नको. खऱ्या घोंगडीचं विणकाम घट्ट असतं, म्हणून ती पावसातही उपयोगी पडते. रंग विकत आणू नका. काळी, करडी, पांढरी लोकर मिळेल तिच्या पट्ट्यांतच नक्षी जमवायची.

विणून झालं की ताणा कापून दोन-दोन दोऱ्यांच्या गाठी मारा. गुण सफाईला कमी आणि 'बाणा इथे का आवळला?' यासारख्या प्रश्नांच्या उत्तरांना जास्त द्या. प्रदर्शनात प्रत्येक पट्टीखाली मुलांच्या नावाबरोबर शिकवणाऱ्यांचं नाव आणि गाव लिहा, अर्थात त्यांना विचारून. विक्री केलीत तर त्यांचा वाटा किती, हे प्रदर्शनाआधीच ठरलेलं असावं.