थीम बदला, हाताचं काम बदलू नका: विशेष मुलांचे उपक्रम घेताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी जुलैत मी ‘पाऊस’ ही थीम घेतली होती. परळची दहा बाय बाराची खोली, आठ मुलं, मी आणि एक मावशी. टबात निळं पाणी, शेव्हिंग फोमचे ढग, छताला टांगलेले क्रेप कागदाचे थेंब, मोबाइलवर ढगांचा गडगडाट आणि शेवटी गरम भजी. सगळं एकाच दिवशी. दहा मिनिटांत एक मुलगा कान दाबून दाराशी जाऊन बसला, दुसऱ्यानं फोम तोंडात घातला, एका मुलीनं थेंब ओढून फाडले. मुलांना थीम आवडली नाही, असं मला वाटलं. खरं तर पाऊस त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. पोहोचला होता तो नुसता गोंधळ.

दर थीमला सगळंच नवं आणणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती आपण हौसेनं करतो. नवी थीम म्हणजे नवं साहित्य, नवी जागा, नवी कृती. मोठ्यांना त्यात मजा येते. पण ज्या मुलाला एक कृती अंगवळणी पडायला दोन-तीन महिने लागतात, त्याच्या हातात दर पंधरवड्याला परकं काहीतरी येतं आणि तो पुन्हा शून्यावर जातो.

आता मी कृती आधी ठरवते. समजा, वर्षभर ‘गोळा करणं आणि दाबणं’ शिकवायचं आहे. आपले सण त्याला किती सोयीचे आहेत पाहा. दिव्याच्या अवसेला कणकेचे दिवे, भाद्रपदात उकडीच्या पाऱ्या, दिवाळीत मातीच्या पणत्या, संक्रांतीला तिळाचे लाडू. बोटं तेच काम करतात, फक्त वास, रंग आणि निमित्त बदलतं. ‘कालवणं’ शिकवायचं असेल तर गोपाळकाला, कोशिंबीर, भेळ. चौथ्या थीमपर्यंत मूल स्वतःहून हात पुढे करतं.

एका दिवशी एकच इंद्रिय पुढे ठेवा. हाताला नवं काही द्यायचं असेल तर त्या दिवशी आवाज नको, उग्र वास नको. मिक्सर मुलांसमोर फिरवू नका, वाटण घरून करून आणा. लालबाग-परळमध्ये गणपतीच्या दिवसांत खिडकीतूनच ढोल-ताशा येत असतो, तेव्हा वर्गातलं गाणं तरी बंदच ठेवा.

‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणणं

या बाबतीत मी कडक आहे. राजमा, छोले, वाटाणे भरलेलं घमेलं फोटोत सुंदर दिसतं. पण दाणा नाकात गेला की ओलाव्यानं फुगतो. घशात अडकू शकतो तो वेगळाच. कच्चा राजमा तर विषारी असतो. चार-पाच दाणे चावून खाल्ले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. पाण्यात फुगणारे जेलीचे रंगीत मणी वर्गात आणूच नका. गिळला गेला तर मणी आतड्यात फुगून वाट अडवतो आणि साध्या एक्स-रेत सहसा दिसतही नाही. रांगोळीची पूड म्हणजे बहुतेकदा दगडाची भुकटी. पंख्याखाली ती थेट डोळ्यांत आणि छातीत जाते.

घरी केलेल्या खेळाच्या कणकेत मीठ भरपूर असतं आणि पीठ कच्चं असतं. सगळं तोंडात घालणाऱ्या मुलासाठी ती बरी नाही. त्याच्यासाठी मी मोदकाची उकड करते: एक वाटी तांदळाची पिठी, एक वाटी पाणी, चमचाभर तेल. शिजलेली, मऊ, आणि थोडी पोटात गेली तरी चिंता नाही. कोमट झाल्यावर तेलाचा हात लावून द्या. शिजवून गार केलेला साबुदाणा बिटाच्या पाण्यात रंगवला की बुळबुळीत स्पर्शाचा खेळही होतो.

नको म्हणणाऱ्या हाताला धरून बुडवणं

चिकट स्पर्श नको असलेलं मूल हट्ट करत नसतं. त्याच्या त्वचेला तो स्पर्श खरोखरच सोसत नाही. आधी झिपच्या पिशवीतून उकड दाबू द्या, मग चमच्यानं, मग एका बोटानं. शेजारी कोरडा टॉवेल दिसेल असा ठेवा. आपला हात त्याच्या हातावर ठेवून काम करवून घेण्यापेक्षा आपला हात खाली, त्याचा वर, असं करा म्हणजे त्याला हवा तेव्हा हात काढून घेता येतो. न बोलणाऱ्या मुलापुढे ‘अजून’ आणि ‘बस’ ही दोन चित्रं हवीतच. ‘बस’ दाखवल्यावर खरंच थांबा. एकदा जरी थांबला नाहीत, तर पुढच्या वेळी तो चित्र दाखवणार नाही, घमेलं उलटं करेल.

स्वयंपाकाआधी थोडं जड काम दिलं तर बरीच मुलं शांत होतात. खुर्च्या सरकवणं, तांदळाची पिशवी उचलून आणणं, खलबत्त्यात दाणे कुटणं. कोणाला किती झेपेल ते ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे मुलांना रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञांना, विचारून ठरवा.

स्वयंपाकात पहिल्या पायरीपासून सुरुवात करणं

लिंबू कापा, पिळा, साखर-मीठ घाला, पाणी ओता, ढवळा. मूल दुसऱ्या पायरीलाच थकतं आणि उरलेलं आपण करतो. उलटीकडून या. पहिल्या आठवड्यात बाकी सगळं तुम्ही करा, मुलानं फक्त ढवळायचं आणि लगेच प्यायचं. पुढच्या आठवड्यात ओतणं आणि ढवळणं. शेवट नेहमी त्याच्या हातून झाला पाहिजे.

तिळगुळाला पाक नकोच. चिकटलेला गरम पाक हाताला खोल भाजतो. भाजलेले तीळ, दाण्याचं कूट आणि साधा मऊ गूळ कुटला की लाडू थंडच वळतात. तीळ-दाण्यांची ॲलर्जी आहे का, हे मात्र पालकांकडून लिहून घ्या. गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला कोरडे कुरमुरेच नव्हे, पातळ सरबतही ठसका लावू शकतं. त्याला काय चालेल हे स्पीच थेरपिस्टना आधी विचारा, बोलण्याबरोबर गिळण्याच्या अडचणीही तेच पाहतात.

आठ सारखे कंदील

भिंतीवर आठही कंदील एकसारखे दिसले, तर ते ताईंनी केलेत हे उघड आहे. मुलाकडे एकच काम द्या, पण ते पूर्ण त्याचं असू द्या. कापायला घोटीव कागदापेक्षा जुन्या लग्नपत्रिका बऱ्या. जाड कागद कात्रीत लोळत नाही. आणि मुंबईच्या पावसाळ्यात फेव्हिकॉल लवकर वाळत नाही, शाडूला तर दिवसचे दिवस लागतात. ‘आजच घरी न्यायचं’ असं मुलाला सांगून ठेवू नका.

आवराआवर मावशींवर सोडू नका. परात पुसणं, डबे जागेवर लावणं यासाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. माझ्या वर्गातल्या दोघांना आख्ख्या उपक्रमात तेवढंच आवडतं. आणि पालकांना फोटोंऐवजी एक ओळ पाठवा: ‘आज गोळा करून दाबला. रात्री पोळ्या करताना एक गोळा याच्यासमोर ठेवा.’ लोकलमधून उतरून थेट ओट्याशी उभ्या राहणाऱ्या आईला तेवढं जमतं.